बोळाकडची खोली

१

श्रीनाथला राग यायला मे महिना लागत नसे. मे महिन्यात मात्र त्याला कारणही लागत नसे. नळदुर्गात हायवेच्या कडेला, दोन धाब्यांच्या मधल्या गाळ्यात त्याचं एसी-फ्रिज दुरुस्तीचं दुकान. अठरा वर्षं झाली. कामाला एक नंबर, तोंडाला तिखट, असं लोक म्हणत. ‘एसी गार करत नाही’ म्हणून हाक आली, की तो आधी जाळी काढून गिऱ्हाइकाच्या पुढ्यात झटकायचा. त्यातून पडलेल्या धुळीच्या ढिगाकडं बोट करून म्हणायचा, “हे घ्या, हा तुमचा बिघाड.”

त्या दिवशी सकाळी दहालाच डांबर मऊ झालं होतं, आणि वीरप्पांचा फोन आला. त्या आठवड्यातला तिसरा.

“श्रीनाथ, एसी लावला का शेगडी लावली रे तू? खोली भट्टीवानी तापलीय.”

“अप्पा, नवं मशीन हाय. आठ दिस झालं लावून. दोनदा येऊन तपासलं म्या.”

“तपासलं तर मग गार का न्हाय? शुक्रवारी समृद्धी यायलीय बाळंतपणाला. पोटुशी पोरगी त्या खोलीत निजवू का? आत्ता ये. न्हायतर तुझं मशीन उचलून रस्त्यावर टाकतो.”

फोन कट झाला. श्रीनाथनं पाना इतक्या जोरात आदळला, की शेजारच्या धाब्यावरचा माणूस बाहेर डोकावला. वीरप्पा म्हणजे सिमेंट आणि पत्र्याचे ठोक व्यापारी. माणूस दिलदार, पण दुसऱ्याचं ऐकून घ्यायची सवय नाही. श्रीनाथला त्यांचा राग आला होताच. त्याहून जास्त राग त्या मशीनचा आला होता. दोन्ही वेळा त्यानं ते उघडून पाहिलं होतं आणि दोन्ही वेळा त्याला काहीही सापडलं नव्हतं.

२

बंगल्याच्या मागच्या अंगाला दोन खोल्या होत्या, आणि त्यांच्या मधोमध तीन फुटांचा अरुंद बोळ. बोळाच्या अलीकडं अप्पांची निजायची खोली, पलीकडं ही. नुकताच पिवळा रंग दिलेली, कोरा पलंग मांडलेली, भिंतीवर गुटगुटीत बाळाचं चित्र लावलेली. हिच्या एसीचं बाहेरचं यंत्र गच्चीवर मोकळ्या जागेत होतं, म्हणजे तिथंही हवा कोंडायचं कारण नव्हतं. खोलीला खिडकी मात्र नव्हती. आधी होती का, हे श्रीनाथला आठवेना.

त्यानं एसी चालू केला. पंखा फिरला, हवा सोडणारी पट्टी उघडली. गच्चीवर जाऊन पाहिलं तर कॉम्प्रेसर सुरळीत, दाब बरोबर, तांब्याच्या नळीवर दव धरलेलं. खाली येऊन जाळी काढली आणि आतल्या जाळीदार पत्र्याला हात लावला. बोटं बधिर व्हावीत इतका गार.

मग त्यानं पट्टीसमोर हात धरला.

हवा कोमट होती. आणि ओली.

त्यानं तापमापक काढून त्याची सळई पट्टीत खोचली. आकडे भराभर फिरले आणि एका जागी थांबले. सदतीस. रिमोटवर अठरा केलं. सदतीस. तीस केलं. सदतीसच. पाच मिनिटं तो त्या आकड्याकडं बघत राहिला. एवढ्या गार पत्र्यावरून गेलेली हवा गरम होऊन बाहेर येईलच कशी? बर्फावर ठेवलेला तवा तापला, असं कुणी सांगितलं असतं तर त्यानं त्याला वेड्यात काढलं असतं.

“भाऊ, पानी घ्या,” दारातून आवाज आला.

वीरप्पांच्या पत्नी, महानंदा वैनी, तांब्या-पेला घेऊन उभ्या होत्या. उंबऱ्याच्या बाहेर. श्रीनाथनं हात पुढं केला तरी त्यांनी पाऊल आत टाकलं नाही. त्यालाच दारापर्यंत जावं लागलं.

“काय बिघडलंय?” त्यांनी विचारलं.

“कायबी बिघडलेलं न्हाय, तेच तर बिघडलंय,” तो चिडून म्हणाला. “सदतीसच्या खाली उतरंना.”

वैनींनी रिकामा पेला परत घेतला. मग हळूच म्हणाल्या, “सदतीस म्हंजी... माणसाचं असतं तेवढं.”

३

दुपारी त्यानं ते मशीन काढलं, टेम्पोत घालून दुकानात आणलं आणि तिथं जोडलं. दहा मिनिटांत गाळा असा गारठला, की धाब्यावरचे दोन ड्रायव्हर जेवणाची ताटं घेऊन आत येऊन बसले.

“लई भारी मशीन हाय, मिस्त्री,” एक जण म्हणाला.

श्रीनाथनं त्याच्याकडं असं पाहिलं, की तो ताट घेऊन परत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं दुकानातलं, स्वतः वर्षभर वापरलेलं, दुसऱ्या कंपनीचं मशीन उचललं आणि वीरप्पांकडं नेऊन लावलं. नळ्या नव्या, वायर नवी, गच्चीवरचं यंत्रही वेगळं. जुन्यातलं काही म्हणजे काही ठेवलं नाही.

चालू केलं. हात धरला.

लहानपणी मेंढरं राखताना थंडीत कोकरू पांघरुणात घेतलं, की त्याचं नाक गळ्याशी यायचं. तशीच ही हवा. कोमट, दमट. तापमापक काढायची त्याला गरज वाटली नाही, तरी त्यानं काढला. सदतीस.

“काय झालं?” वीरप्पा दारात येऊन उभे होते. कपाळावर विभूती, अंगात बंडी, हातात हिशेबाची नव्हे तर पाहुण्यांच्या नावांची यादी. ओटीभरणाची तयारी चालली होती.

“अप्पा, ह्यात मशीनचा दोष न्हाय. खोलीतच कायतरी हाय.”

“खोलीत काय आसंल? चार भिंती हायत! तुला काम जमंना म्हणून खोलीला नाव ठेवतो?”

“जमंना? आख्ख्या गावाचं एसी म्या लावलंत!”

“मग माझ्याच घरात का घाण केलीस?”

श्रीनाथच्या कानशिलात रक्त चढलं. तो शिडीवर चढला, पट्टी मिटवली, बटण बंद केलं, स्टॅबिलायझरची पिन उपटली. पंखा थांबला. मशीन मेलं.

हवा थांबली नाही.

मिटलेल्या पट्टीच्या फटीतून ती तशीच येत होती. येत होती, मग थांबत होती. मग जरा वेळानं पुन्हा येत होती. भिंतीवरच्या बाळाच्या चित्राचा खालचा कोपरा उचलला जायचा आणि परत भिंतीला टेकायचा.

वीरप्पांचंही तिकडं लक्ष गेलं. “वारं हाय,” ते म्हणाले आणि निघून गेले. जाताना मात्र पाय जरा भरभर उचलत होते.

४

मशीनच्या मागं, परसाकडच्या भिंतीत नळ्यांसाठी तीन इंचाचं भोक पाडलेलं असतं. वारा आत यायला तेवढी एकच वाट. श्रीनाथनं मशीन उतरवून खाली ठेवलं, भोकातल्या नळ्या ओढून काढल्या आणि भोक मोकळं केलं. पलीकडं पांढरं ऊन दिसत होतं.

त्यानं तळहात भोकावर ठेवला. बाहेर चव्वेचाळीसचं ऊन, लाह्या फुटाव्यात अशी कोरडी झळ. भोकातून झळच यायला हवी होती. तळहाताला आला तो दमट, कोमट श्वास. मग तो थांबला, आणि तळहात हलकेच भोकाकडं ओढला गेला.

श्रीनाथनं हात मागं घेतला. स्वतःशीच मोठ्यानं म्हणाला, “बोळातनं वारं फिरत आसंल. उन्हानं भिंत तापती, दाब बदलतो.” शब्द बरोबर होते. तरी ते म्हणताना आपला आवाज चढलाय, हे त्याच्या ध्यानात आलं. कुणी अंगावर धावून येत असल्यासारखा तो भिंतीशी भांडत होता.

दाराशी महानंदा वैनी होत्या. “भाऊ,” त्या म्हणाल्या, “रंग द्यायला आलेला मानूसबी दोन दिसात काम सोडून गेला. म्हनला, रंग वाळंना.”

“मला आधी का न्हाय सांगितलं?”

“तुमी कुठं आमचं ऐकायला थांबता? येता ते वरडतच येता.”

त्यानं शिडी उचलली आणि परसात गेला.

५

बाहेर जमीन तव्यासारखी तापली होती. कडुलिंबाची सावलीही पोळत होती. बाहेरून भोक कशानं तुंबलंय का, कुठं पाण्याची टाकी, मोरी, काही ओलसर आहे का, ते बघायचं होतं. तसं काही नव्हतं. त्यानं शिडी भिंतीला लावली, वर चढला आणि एक डोळा मिटून दुसरा भोकाला लावला.

पाणी आत येऊ नये म्हणून हे भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं ठेवतात. त्यामुळं बाहेरून पाहिलं, की पलंग किंवा फरशी दिसत नाही. समोरच्या भिंतीचा वरचा भाग तेवढा दिसतो. त्या भिंतीवर पिवळा रंग आणि बाळाचं चित्र असायला हवं होतं.

तिथं खिडकी होती.

हिरव्या रंगाची, दोन काचांची लाकडी खिडकी. मिटलेली. काचेपलीकडं बोळातला उजेड. भिंतीचा रंग निळसर, पोपडे धरलेला.

श्रीनाथनं डोळा काढला, चोळला, पुन्हा लावला. खिडकी होतीच. आणि काचेपलीकडं, बोळात, शिडीवर एक माणूस पाठमोरा उभा होता. अप्पांच्या खोलीच्या भिंतीवर तो लोखंडी ब्रॅकेट ठोकत होता. निळा चौकड्याचा शर्ट, पाठीवर घामाचा मोठा डाग, कमरेला पान्यांचा पट्टा. पट्ट्याचं बक्कल तुटलेलं होतं आणि तिथं वायर गुंडाळलेली होती.

ती वायर श्रीनाथनं स्वतःच्या हातानं गुंडाळली होती.

मग खालून, पलंग असेल तिथून, एक हात वर आला. वाळलेला, शिरा वर आलेला, म्हातारा हात. तो चाचपडत काचेपर्यंत गेला आणि बोटाच्या पेरानं काच वाजवू लागला. टक, टक, टक. बोळातल्या माणसानं मान अर्धी वळवली. तोंड दिसलं नाही. काहीतरी बोलला असावा, कारण हात जरासा थांबला. मग त्यानं पाठ फिरवली आणि पुन्हा नट आवळायला लागला.

हात काच वाजवत राहिला.

त्याच क्षणी भोकातून श्वास आला, आणि तो थेट श्रीनाथच्या उघड्या डोळ्यावर आला.

६

तो शिडीवरून उतरला का पडला, हे त्याला नंतर सांगता येईना. कोपर फुटलं होतं. कडुलिंबाच्या बुंध्याला टेकून तो बसला, आणि वर्षभर न आठवलेली गोष्ट त्याला लख्ख आठवली.

गेल्या उन्हाळ्यात अप्पांच्या खोलीचा एसी त्यानंच लावला होता. त्याचं बाहेरचं यंत्र बोळात बसवायचं ठरलं, तेव्हा तो म्हणाला होता, “अप्पा, याची सगळी गरम हवा समोरच्या खिडकीत जाईल. अज्जीची खोली हाय ना ती? पुढच्या भिंतीवर लावू.”

“पुढच्या भिंतीला नवी फरशी लावलीय. तिथं ते खोकं कसं दिसंल? लाव म्हणतो तिथं लाव.”

त्यानं लावलं. काम चालू असताना मागं काच वाजली होती. अप्पांची आई, शरणम्मा, कानडीत काहीतरी विचारत होत्या. ड्रिलच्या आवाजात ऐकूही नीट येत नव्हतं, आणि त्याला कानडी येतही नव्हती. “झालंच अज्जी, झालंच,” असं म्हणून त्यानं पाठ फिरवली होती. पुढं वीसेक दिवसांनी अज्जी गेल्याचं त्यानं ऐकलं. ऐंशी पार केलेलं माणूस. उन्हाळ्यात अशी माणसं जातातच, असं तेव्हा सगळेच म्हणाले. तोही म्हणाला होता.

तो उठला. आता त्याच्या अंगातला राग नेहमीचा तडतडणारा राग नव्हता. तो जड होता, आणि त्यातला अर्धा स्वतःवरचाच आहे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

शिडी खांद्यावर टाकून तो बोळात घुसला. अप्पांच्या खोलीचा एसी चालू होता. यंत्र घोंघावत समोरच्या भिंतीवर आग ओकत होतं. त्या भिंतीवर खिडकीएवढा चौकोन नव्या सिमेंटनं बुजवलेला होता.

“ए! काय करतोस?” आपल्या खोलीच्या खिडकीतून वीरप्पा ओरडले.

“काढायलोय हे.”

“माझ्या खोलीचा एसी? डोकं फिरलं का तुझं? ह्याला कुणी हात लावायला सांगितलं?”

“लावायला तुमी सांगितलं व्हतं! काढायला कुणी सांगायची वाट न्हाय बघत म्या!” श्रीनाथ असा ओरडला, की गल्लीतली कुत्री उठली. “आईच्या तोंडावर भट्टी लावलीत अप्पा! आन् म्या लावली, ह्या हातानं!”

“तोंड सांभाळ! वय झालं व्हतं तिचं! डॉक्टरनं लिहून दिलंय. पोलिसाला बोलवीन!”

“बोलवा!”

त्यानं वीज तोडली आणि नळीचा नट सैल केला. गॅस फस्सकन सुटला. अठरा वर्षांत त्यानं असा गॅस कधी वाया सोडला नव्हता. ब्रॅकेटचे नट तापून लाल झाल्यासारखे पोळत होते. शिडी डगमगली, तेवढ्यात खालून कुणीतरी ती घट्ट धरली.

महानंदा वैनी होत्या. डोक्यावरचा पदर खांद्यावर घसरलेला, तोंड लाल झालेलं.

“काढा भाऊ,” त्या म्हणाल्या. “म्या धरलीय.”

“महानंदा, आत जा!” वीरप्पा गरजले.

“न्हाय जाणार!” वैनींचा आवाज फाटला. “तीस वर्सं आत जा म्हनला की आत गेले. सासूबाई चार दिस हाका मारत व्हत्या. एसी चालू, दार बंद. ऐकू येत न्हाय म्हनून आपन सुखानं निजलो. मला येत व्हतं ऐकू! मला येत व्हतं, तरी मी उठले न्हाय. आता माझ्या पोरीला त्याच खोलीत निजवायचं म्हनता?”



दोघांनी मिळून ते धूड दोरीनं खाली सोडलं. बोळात पहिल्यांदाच शांत झालं.

७

“चला,” श्रीनाथ म्हणाला. “बघू.”

मागच्या खोलीत तिघंही गेले. वैनी उंबरा ओलांडताना जरा अडखळल्या, पण आल्या. वीरप्पा सगळ्यांत शेवटी आले, बडबडत, एकेक शब्द दातांत चावत. “आता तुझी भुतं गेली म्हण. झाली का गार? कर की गार.”

भिंतीतल्या भोकातून ऊन दिसत होतं. हवा येत नव्हती. चित्राचा कोपरा भिंतीला टेकलेला होता. श्रीनाथनं मनातल्या मनात शंभरपर्यंत आकडे मोजले. काहीच झालं नाही. म्हणजे आता संपलं, असं त्याला वाटलं. आपण काढलं, म्हणून संपलं.

त्यानं वैनींकडं पाहिलं. त्या भोकाकडं बघत नव्हत्या. जिथं खिडकी होती, त्या गुळगुळीत पिवळ्या भिंतीकडं बघत होत्या.

टक, टक, टक.

सिमेंट वाजवल्याचा आवाज नव्हता तो. काच वाजवल्याचा होता.

वीरप्पांची बडबड थांबली. श्रीनाथ भिंतीपाशी गेला. पाय नको म्हणत होते, पण एकदा पाठ फिरवून झाली होती. त्यानं कान भिंतीला लावला आणि वर्षापूर्वी विचारायला हवं होतं ते विचारलं.

“काय म्हन्ता, अज्जी?”

भिंत कोमट होती. आतून, अगदी त्याच्या कानाशी, थकलेल्या आवाजात दोन शब्द आले. तेच दोन शब्द, जे त्यानं ड्रिलच्या आवाजात अर्धवट ऐकले होते.

“इन्ना एष्टोत्तु?”

“वैनी,” तो कान न काढता म्हणाला, “म्हंजी काय?”

महानंदा वैनींनी तोंडावर पदर धरला होता. पदराआडूनच त्या बोलल्या. “अजून किती वेळ... अजून किती वेळ लागंल, इचारत्यात.” मग म्हणाल्या, “शेवटचे चार दिस हेच इचारत व्हत्या.”

श्रीनाथला आपलं तेव्हाचं उत्तर आठवलं. ‘झालंच,’ असं त्यानं सांगितलं होतं. कबूल केल्यासारखं.

वीरप्पा मागं सरकत दारापर्यंत गेले होते. घामानं बंडी अंगाला चिकटली होती, पण आवाज अजून चढाच होता. “कुनीतरी बोळात हाय! कोन हाय रे तिकडं? बाहेर ये, तंगड्या मोडतो!”

बोळात कुणी नव्हतं. तिथं खाली उतरवलेलं ते धूड तेवढं पडलं होतं.

भिंतीमागचा आवाज जरा थांबला. मग तो पुन्हा आला, आणि या खेपेस कान लावायची गरज पडली नाही. तिघांनाही तो स्वच्छ ऐकू आला. त्यात आता थकवा नव्हता. दारात उभ्या राहिलेल्या लेकराला आई घरातून हाक मारते, तसा तो मोकळा होता, आणि पाठोपाठ एक नाव होतं. त्या नावानं अप्पांना हाक मारणारं माणूस आता या घरात उरलं नव्हतं.

“इन्ना एष्टोत्तु, वीरा?”

वैनींनी भाषांतर केलं नाही. त्यांनी फक्त नवऱ्याकडं पाहिलं. आणि श्रीनाथला दिसलं, की दाराच्या चौकटीला धरून उभे असलेले वीरप्पा तोंड उघडून, घाईघाईनं, श्वास आत ओढायची खटपट करत होते.